घट्टे पडलेल्या हातांची वल्ही

लंडनमध्ये टेम्स नदीवर १७१५ पासून वल्हवण्याची एक शर्यत चालत आली आहे. पहिला जॉर्ज गादीवर आला त्याच्या स्मरणार्थ थॉमस डॉगेट नावाच्या आयरिश नटाने ती सुरू केली. लंडन ब्रिज ते चेल्सी, साडेचार मैलांहून थोडं जास्त अंतर. बक्षीस काय, तर लाल अंगरखा आणि बाहीवर मिरवायचा भलामोठा चांदीचा बिल्ला. नदीवर उतारू आणि माल वाहणाऱ्या नावाड्यांकडे ज्यांची उमेदवारी नुकतीच पुरी झाली, अशाच पोरांना त्यात उतरता येई, तेही त्या एकाच वर्षी. हुकलं की कायमचं हुकलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वल्हेकऱ्यांची ओळख करून द्यायची तर ती ऑक्सफर्ड-केंब्रिजपासून नव्हे, इथून करून द्यावी असं मला वाटतं.

१९०३ साली हा अंगरखा अर्नेस्ट बॅरीने जिंकला. त्यानंतर तो पैजेच्या शर्यतींकडे वळला. दोघांनी पैसे लावायचे, दोघांनीच पाण्यात उतरायचं आणि जिंकेल त्याने सगळं न्यायचं. ‘जगज्जेता’ हा किताबही याच पैजांवर ठरे. होडी एकट्याची. सीडरच्या पातळ फळ्यांची, सव्वीसएक फूट लांब, माणूस जेमतेम बसेल इतकी अरुंद. बैठक रुळांवर सरकणारी. वल्ही पाण्यात रुतली की आधी पाय रेटायचे, मग पाठ मागे न्यायची, हात अगदी शेवटी ओढायचे. वल्हं बाहेर निघताच मनगट वळवून पातं आडवं करायचं. एक पातं क्षणभर उशिरा निघालं तरी होडी कलते. शिवाय वल्हवणारा पाठमोरा पुढे जातो. आघाडीवर असलेल्याला मागच्याची धाप दिसते. मागे पडलेल्याला मात्र मान वळवल्याशिवाय काहीच दिसत नाही. म्हणून पहिल्या मैलातच छाती फुटेपर्यंत ओढणारे पुष्कळ असत.

१९१० साली बॅरी जगज्जेतेपदासाठी आफ्रिकेत गेला. व्हिक्टोरिया धबधब्याच्या वरच्या अंगाला, झांबेझीच्या पात्रात, न्यूझीलंडच्या रिचर्ड आर्न्स्टशी गाठ होती. हा आर्न्स्ट मूळचा सायकलपटू. तिथे बॅरी हरला. दोन वर्षांनी त्याने आर्न्स्टला टेम्सवर, स्वतःच्या पाण्यात गाठलं आणि हरवलं. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या आल्फ फेल्टनने किताब हिसकावला, तर पुढच्याच वर्षी बॅरी सिडनीला गेला आणि पॅरामॅटा नदीवर तो परत मिळवला. तेव्हा त्याचं वय ३८ होतं. या वयात फेल्टनला त्याच्या घरच्या पाण्यात हरवणं मला बॅरीची सर्वांत मोठी कामगिरी वाटते.

पण याच टेम्सवर हेन्ली इथे भरणाऱ्या प्रतिष्ठित शर्यतींत बॅरीला प्रवेश नव्हता. पैशांसाठी वल्हवणारे तिथे चालत नसत हे एक वेळ समजू शकतं. पण १८७९ पासूनचा तिथला नियम त्याहून पुढे जाणारा होता. कारागीर, यंत्रकामगार किंवा मजूर म्हणून ज्याने मजुरी घेतली, तो ‘हौशी’ खेळाडू नव्हेच! मग त्याने शर्यतीतून एक पैसाही घेतलेला नसो. अंगमेहनतीने ताकद आलेल्याशी सभ्य गृहस्थांनी कसं लढावं, असा युक्तिवाद होता. माझ्या मते ती शुद्ध वर्गभेदाची सबब होती.

१९२० मध्ये फिलाडेल्फियाचा वल्हेकरी जॅक केली हेन्लीत असाच अडवला गेला. त्याच्या क्लबवर आधीचा बहिष्कार होता आणि शिवाय तो गवंडीकाम केलेला. त्याच उन्हाळ्यात ऑलिम्पिकमध्ये त्याने इंग्लंडच्या जॅक बेरेसफर्डला एका सेकंदाने हरवून सुवर्णपदक घेतलं. थोड्याच वेळात चुलतभावासोबत दुहेरीचंही घेतलं.

बॉबी पीअर्सची हकीकत तर आणखी बोचरी आहे. त्याचे वडील १९१३ साली बॅरीशी लढून हरले होते. सिडनीचा हा सुतार १९२८ मध्ये ऑलिम्पिक जिंकला, पण हेन्लीने त्याला नाकारलं. मंदीत त्याचं काम गेलं. पुढे तो कॅनडात स्थायिक झाला आणि लॉर्ड ड्युअर यांनी त्याला आपल्या व्हिस्कीचा विक्रेता म्हणून नोकरी दिली. माणूस तोच, दंड तेच, फक्त हातातली करवत गेली. १९३१ मध्ये हेन्लीचं दार उघडलं आणि तो सहज जिंकला.

१९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकला निघालेल्या ऑस्ट्रेलियन पोलिसांच्या चमूलाही हेन्लीने परत पाठवलं. त्यावर एवढी ओरड झाली की १९३७ मध्ये ते मजुरीचं कलम काढून टाकावं लागलं.

आपल्याकडे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासूनचा आहे, म्हणजे पीअर्सच्या पहिल्या सुवर्णपदकाच्या वर्षाचा. पण हे सगळं वाचताना मला आठवतो तो चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. वडिलांबरोबर विहिरी खोदणारा हा मुलगा सैन्यात गेला, तिथे वल्हवायला शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरीत तेरावा आला. हेन्लीचं ते कलम टिकलं असतं, तर विहीर खोदल्याच्या कारणावरून त्याला तिथे होडी पाण्यात घालता आली नसती.