डॉ. रफिक झकेरिया : सत्तेत असतानाच रुजवलेलं शिक्षण

राजकारणातून निवृत्त झालेल्या माणसाने विद्यापीठाच्या सर्वोच्च खुर्चीवर बसावं, ही महाराष्ट्रात जुनी रीत आहे. गोलमेज परिषदा आणि घटना समिती पाहिलेले बॅ. मुकुंदराव जयकर पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. केंद्रीय मंत्रिपद आणि पंजाबचं राज्यपालपद सांभाळून आलेले काकासाहेब गाडगीळ १९६४ मध्ये त्याच खुर्चीवर आले. मध्य प्रदेशचे राज्यपाल राहिलेले हरिभाऊ पाटसकरही पुढे तिथेच पोहोचले. मोठी माणसं होती ही, त्यांच्या विद्वत्तेबद्दल शंका नाही. पण तिघांच्याही आयुष्यात सत्ता आधी आली आणि विद्यापीठ नंतर.

औरंगाबादच्या डॉ. रफिक झकेरियांचा क्रम वेगळा होता. अलीगढच्या जामिया उर्दूचं कुलपतिपदही त्यांच्याकडे आलं, पण त्यांच्या शैक्षणिक कामाची सुरुवात त्या मानाच्या पदाने झाली नाही. १९६२ मध्ये ते औरंगाबादेतून विधानसभेवर निवडून गेले आणि १९६३ मध्ये शहरात मौलाना आझाद कॉलेज सुरू झालं. आमदारकीला जेमतेम वर्ष झालं होतं. त्यांच्या कारकिर्दीकडे पाहताना मला ही दोन सालं सर्वांत महत्त्वाची वाटतात.

झकेरिया मराठवाड्याचे नव्हते. त्यांचा जन्म ५ एप्रिल १९२० चा, नालासोपाऱ्याचा. मुंबई विद्यापीठाच्या एम.ए.ला त्यांनी सुवर्णपदक मिळवलं आणि लंडन विद्यापीठातून पीएच.डी. केली. प्रबंधाचा विषय होता १८८५ ते १९०६ या काळातल्या भारतीय मुसलमानांचं राजकारण. पुढे १९७० मध्ये त्याचं पुस्तक झालं आणि अभ्यासकांना ते आजही लागतं. असा माणूस मतं मागायला औरंगाबादेत आला, तेव्हा शहराची अवस्था काय होती हे पाहिल्याशिवाय कॉलेजचं मोल कळणार नाही.

निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत चाले. उस्मानिया विद्यापीठात वरचं शिक्षणसुद्धा उर्दूतून मिळे. औरंगाबाद तर या भाषेचं माहेरघरच. वली आणि सिराज हे कवी इथलेच. मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचा संसार कित्येक वर्षं याच शहरातून चालवला. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. मराठी माणसासाठी हे मुक्तीचं पर्व होतं आणि त्याबद्दल दुमत असण्याचं कारण नाही. पण ज्या घरांनी मुलांना उर्दूतूनच शिकवलं होतं, त्यांच्या हातातली शिदोरी बारा वर्षांत निरुपयोगी झाली. शिकलेसवरलेले पुष्कळ जण हैदराबादला किंवा सीमेपार गेले. मागे राहिले त्यांत कारागीर, लहान दुकानदार आणि हात रिकामे झालेले नोकरदार बरेच होते.

शहराला उच्च शिक्षणाची नवी वाट त्याआधीच मिळाली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये इथे कॉलेज सुरू केलं, तेच पुढचं मिलिंद. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये आलं. झकेरियांनी आपलं कॉलेज त्याच विद्यापीठाशी जोडलं. वेगळा मदरसा काढला नाही. कला आणि विज्ञान शिकवणारं, सर्वांना खुलं असं कॉलेज काढलं आणि त्याला स्वतंत्र भारताच्या पहिल्या शिक्षणमंत्र्यांचं नाव दिलं. त्या नावातच त्यांचं राजकारण सामावलेलं होतं.

राज्यात मंत्री म्हणून त्यांच्याकडे नगरविकास आणि सार्वजनिक आरोग्यासारखी खाती आली. १९७० च्या दशकात सिडकोने औरंगाबादेत नवं शहर वसवायला घेतलं, त्याचं श्रेय इथले जुने लोक आजही त्यांना देतात. ते योग्यच आहे, पण नवी वसाहत कुठल्याही कर्तबगार मंत्र्याने आणली असती. रौजाबागेतलं मौलाना आझाद कॉलेज दुसऱ्या कुणी काढलं असतं असं मला वाटत नाही.

१९७८ मध्ये ते राज्यसभेवर गेले. संसदेत इंदिरा गांधींच्या पक्षाचे उपनेतेही झाले. दिल्लीतला हा काळ मात्र त्यांच्या कामात सर्वांत कमी खुणा ठेवून गेला. बुद्धी आणि वक्तृत्व असूनही पक्षाने त्यांना पहिल्या रांगेत नेलं नाही. त्यांची लेखणी खऱ्या अर्थाने चालू लागली ती त्यानंतर. सलमान रश्दींच्या कादंबरीवरून उठलेल्या वादानंतर त्यांनी ‘मुहम्मद अँड द कुराण’ लिहिलं. जीनांवरच्या पुस्तकाला त्यांनी ‘द मॅन हू डिव्हायडेड इंडिया’ असं नाव दिलं, त्यामुळे त्यांचा निवाडा मुखपृष्ठावरच कळतो. २००४ मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, भारतीय मुसलमानांचं कुठे चुकलं असा प्रश्न त्यांनी पुस्तकाच्या नावातच विचारला. आपल्याच समाजाला असं विचारायला धाडस लागतं, आणि तो अधिकार त्यांनी चाळीस वर्षं मुलं शिकवून कमावला होता.

जामिया उर्दूचं कुलपतिपदही याच धाग्यातलं. ही संस्था १९३९ मध्ये आग्र्यात निघाली आणि नंतर अलीगढला गेली. घरी बसून अभ्यास करणाऱ्यांसाठी ती अदीब, अदीब-ए-माहिर, अदीब-ए-कामिल या परीक्षा घेते. कॉलेजची पायरी चढू न शकलेल्या असंख्य उर्दू वाचकांना, त्यांत कितीतरी मुली, तिने प्रमाणपत्र दिलं. औरंगाबादेत ज्या विद्यार्थ्यासाठी झकेरियांनी इमारत बांधली, त्याचाच इमारतीपर्यंत न पोहोचलेला भाऊबंद तिथे परीक्षेला बसत होता.

इकडे शहरात कामाचा व्याप वाढत गेला. मलिक अंबरने सतराव्या शतकात बांधलेल्या नौखंडा महालाच्या आवारात मुलींचं कॉलेज आलं. ताज समूहाच्या साथीने हॉटेल व्यवस्थापनाची संस्था निघाली आणि इंग्लंडच्या हडर्सफील्ड विद्यापीठाची पदवी रौजाबागेत मिळू लागली. वेरूळ-अजिंठ्याला जगभरचे पाहुणे येतात, तर त्यांचं आदरातिथ्य करायला इथलीच मुलं तयार व्हावीत, हा विचार अगदी व्यवहारी होता.

९ जुलै २००५ रोजी झकेरिया गेले. त्यांच्या पत्नी फातमा झकेरिया मूळच्या पत्रकार, ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या रविवार आवृत्तीच्या संपादक राहिलेल्या. त्यांनी मुंबईतलं आयुष्य मागे ठेवून औरंगाबादेत राहून संस्थांचा कारभार हाती घेतला. २००६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली ती शिक्षणक्षेत्रातल्या कामासाठी. एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, त्यांचं याच शहरात निधन झालं. तोवर संस्थांच्या रोजच्या कामात त्यांचं लक्ष होतं.