घरच्या साठ्यांतलें शिळें पान

आमचे थोरले बंधु इंदापुरास शेती पाहतात. आम्ही नोकरीनिमित्त बारामतीस असतों. दोन वर्षांपूर्वीं त्यांच्या धाकट्या मुलास बारामतींतील एका संस्थेंत प्रवेशाची मुलाखत द्यावयाची होती. मुलगा नेटका, रविवारीं रात्रीं त्यानें संस्थेचें पान संगणकावर पुन्हां उघडून पाहिलें. तारीख तीच, मंगळवारची. मंगळवारीं पहिल्या एस्. टी.नें तो आला, तों मुलाखती सोमवारींच आटोपलेल्या! आमच्या मोबाइलवर तें पान प्रथमच उघडलें, तर त्यावर सोमवार होता. मुलानेंच नीट पाहिलें नाहीं असें घरांत सर्वांनीं ठरविलें. कबूल करावयास हरकत नाहीं, आम्हींहि ठरविलें.

चूक त्याची नव्हती. नीरेच्या डाव्या कालव्यास पाण्याची पाळी आली म्हणजे आमच्याकडील शेतकरी शेततळें भरून ठेवतो. दर वेळीं धरणाकडे पाहत बसत नाहीं. ब्राउझर हेंच करतो. एकदां आलेलें पान, त्यांतील चित्रें, अक्षरांचा रंग-आकार ठरविणारी स्टाईलशीट, सारें तो यंत्रांतच ठेवून देतो. या साठ्यास कॅशे म्हणतात. स्टाईलशीट तर पुष्कळ पानांना मिळून एकच असते. ती दर वेळीं मागविणें ही निव्वळ उधळपट्टी.

साठा किती काळ ताजा समजावा हें पाठविणाऱ्या सर्व्हरनें सांगावयाचें, तेंहि सेकंदांत: ८६,४०० म्हणजे एक दिवस. मुदत संपली कीं ब्राउझर विचारतो, 'बदल झाला काय?' नसल्यास ३०४ या आंकड्याचें उत्तर येतें व जुनेंच पान चालतें. परंतु मुदतच सांगितली नाहीं तर? मग ब्राउझर अंदाज बांधतो. शेवटच्या बदलास जितका काळ लोटला, त्याचा साधारण दहावा भाग. संस्थेनें मुदत घातली नव्हती, आणि पानास दहा महिने कोणी हात लावला नव्हता. पुतण्यानें तें गुरुवारीं प्रथम उघडलें, ब्राउझरनें महिनाभर ताजें धरलें, व शुक्रवारीं तारीख बदलली!

यावर 'नो-कॅश' ही सूचना आहे. नांव मोठें फसवें. साठवूं नका असा तिचा अर्थ नाहीं. वापरण्यापूर्वीं विचारा, एवढाच. मुळींच साठवूं नये यासाठीं 'नो-स्टोअर' निराळी. स्टाईलशीटला मात्र जाणते लोक वर्षाची मुदत देतात, आणि बदल करतांच तिचें नांवच बदलतात.

संस्थेनें पुतण्यास पुन्हां बोलाविलें नाहीं. आम्हीं इंदापुरास जाऊन त्याच्याजवळ आमची चूक कबूल केली. कंट्रोल, शिफ्ट व आर हीं तीन बटणें एकदम दाबलीं, म्हणजे साठा बाजूस ठेवून पान नव्यानें येतें. तीं दाबल्याखेरीज वहिनी आतां कोणत्याहि तारखेवर विश्वास ठेवीत नाहींत.