चंदेरी किनार येते कुठून?

लोहगावच्या आकाशात सुखोई दिसली की पुणेकर मान वर करतो, एवढंच. 2002 साली सुखोई-30 एमकेआय हवाई दलात दाखल झालं तेच मुळी इथे, पुण्यात. 1:72 प्रमाणात मॉडेल केलं, तर हे बावीस मीटरचं विमान टेबलावर फूटभरात मावतं. आणि पंखावरचं ते केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ? ते सहसा कोणी रंगवत बसत नाही. ते पाण्यात भिजवून सरकवत बसवतात!

याला म्हणायचं डेकल. खाली कागद, त्यावर पाण्यात विरघळणारा डिंक, त्यावर पारदर्शक लॅकरचा पापुद्रा आणि त्यात छापलेलं चित्र. कागद पाणी पितो, डिंक सुटतो, पण लॅकरला पाण्याची फिकीर नाही. मिनिटभरात चित्र बोटाखाली घसरू लागतं.

इथवर सोपं. गंमत पुढे आहे. मॅट रंगावर बसवलेलं डेकल वाळलं, की त्याच्याभोवती चंदेरी किनार उमटते. पापुद्रा तर काचेसारखा स्वच्छ होता, मग हा पांढुरका रंग आला कुठून?

हवेतून! मॅट रंग सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत असतो. पापुद्रा नुसता उंचवट्यांवर टेकतो आणि खळग्यांत हवा अडकते. लॅकरमधून हवेत शिरताना प्रकाशाचा थोडा भाग, सरळ पडला तर शंभरातले साधारण चार, मागे फिरतो. असे हजारो खळगे, प्रत्येक जण जरा जरा प्रकाश परतवणारा. मिठाचा पारदर्शक खडा कुटला की पांढरा दिसतो, तो याच कारणाने.

म्हणून अनुभवी माणूस वरकरणी उफराटं काम करतो. विमान मॅट दिसायला हवं असलं, तरी आधी त्यावर चकचकीत ग्लॉस कोट मारतो. खळगे बुजले की हवेला जागाच उरत नाही.

पण पॅनल लाइनच्या, म्हणजे विमानाच्या पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या, बारीक खाचा? त्या बुजवून कसं चालेल! त्यासाठी डेकल मऊ करणारं सोल्यूशन असतं. ब्रशने ते लावलं, की काही मिनिटांत सुंदर वर्तुळ सुरकुतून जातं. नवख्याचा जीव खाली-वर होतो, बोट शिवशिवतं. बोट लावायचं नाही! मऊ पडलेला पापुद्रा आता ताणला तर फाटेल. सोडला तर द्रव उडता उडता तो आपणहून सपाट होतो आणि थेट खाचेत उतरतो. तरी कुठे हवेचा फुगा राहिलाच, तर सुईने टोचायचं आणि तिथे सोल्यूशनचा आणखी एक थेंब सोडायचा.

सगळ्यात शेवटी मॅट वार्निश. पुण्यात त्याला जुलै मात्र मानवत नाही. स्प्रेमधला द्रावक उडताना पृष्ठभाग गार करतो, दमट हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि वार्निश पांढुरकं पडतं. सगळी हवा हाकलून चकाचक बसवलेल्या डेकलवर अशी दुधट झाक यायची नसेल, तर डबा खाली ठेवून कोरड्या दिवसाची वाट बघणं बरं.