थंडी, शेगडी आणि विजेचं बिल



आपल्या निफाडच्या थंडीचं नाव आता साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झालंय. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर आला की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. बातमी द्राक्षांची असते. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवल्या, पाणी सोडलं, असं सगळं छापून येतं. त्याच रात्री घरातली म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं कशी निजली, हे कुणी विचारत नाही. आज आपण त्याबद्दल बोलू.

दर हिवाळ्यात आमच्या गटांच्या बैठकीत एक मागणी येतेच. रूम हीटर घ्यायला कर्ज हवं. कर्जाला आमची ना नाही, पण आधी आम्ही वहीत हिशेब मांडतो. दोन हजार वॅटचा हीटर तासाला दोन युनिट वीज खातो. संध्याकाळी चार तास लावला तर आठ युनिट, महिन्याला दोनशे चाळीस. घरगुती बिलात पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी असतो, त्यापुढचं युनिट बरंच महाग पडतं. म्हणजे हीटरची सगळी वीज महागड्या दरात जाते. एवढं करून घर तापतं का? पत्र्याच्या घरात नाही तापत. गरम हवा वर जाते आणि पत्र्याला लागून थंड होते. हीटर बंद केला की अर्ध्या तासात खोली पुन्हा होती तशी. हा आकडा ऐकल्यावर बहुतेक जणी स्वतःच म्हणतात, राहू द्या ताई.

पत्र्याचं जरा समजून घ्या. आभाळ निरभ्र असलं की रात्री पत्रा आपली उष्णता आभाळाकडे सोडत राहतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. ढगाळ रात्री थंडी कमी का वाजते, त्याचं कारण हेच. गार पत्र्याला आतली ओलसर हवा लागते, आणि पहाटे अंथरुणावर थेंब टपकतात. यावर स्वस्त उपाय म्हणजे पत्र्याखाली वीतभर जागा सोडून जुन्या लुगड्यांचं किंवा गोणपाटाचं छत बांधायचं. मध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. चुलीच्या वर मात्र कापड बांधायचं नाही, ठिणगी उडते. दाराखालच्या फटीला चिंध्यांची गुंडाळी लावा. दुपारी उन्हाच्या बाजूची खिडकी उघडी ठेवा आणि ऊन कलायच्या आत लावून घ्या. अंधार पडल्यावर खिडकी लावून उपयोग नाही, तोवर ऊब निघून गेलेली असते.

खरी ऊब माणसाच्या अंगातच असते, ती बाहेर जाऊ द्यायची नाही, एवढंच आपलं काम. गोधडी दुसरं काय करते? लुगड्यांच्या थरांमध्ये हवा धरून ठेवते. म्हणून एका जड गोधडीपेक्षा दोन हलक्या गोधड्या जास्त ऊब देतात. गोधडी दमट असली की ऊब जाते, तेव्हा रोज दोन तास ती उन्हात पडली पाहिजे. आणि अंगावर तीन-तीन पांघरुणं घेऊन खाली नुसती सतरंजी टाकणाऱ्या बायका आम्ही घरोघरी पाहतो. शहाबादी फरशी रात्रभर अंगातली ऊब ओढून घेते. खाली आधी बारदान, त्यावर चटई, मग वाकळ घाला. इगतपुरीकडच्या मैत्रिणींकडे भाताचा पेंढा असतो, त्याच्यासारखं अंथरूण नाही. डोक्याला टापर, पायात मोजे. म्हाताऱ्या माणसांच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवायची तर कापडात गुंडाळूनच. मधुमेहाने ज्यांचे पाय बधिर झालेत, त्यांना चटका बसलेला कळत नाही.

अंघोळीचंही गणित आहे. पंधरा लिटरची बादली तापवायला साधारण अर्धं युनिट लागतं. पाच माणसांचे दिवसाला अडीच, महिन्याला पंचाहत्तर युनिट. पाण्याची टाकी किंवा काळं पिंप दिवसभर उन्हात ठेवलं आणि लेकरांची, म्हाताऱ्यांची अंघोळ दुपारी केली, तर खर्च निम्म्यावर येतो. ज्यांच्याकडे बंब आहे त्यांनी छाटणीच्या वाळलेल्या काड्या आणि तुराट्या जपून ठेवाव्यात. आणि विजेचा रॉड वापरता तेव्हा बटण बंद करून, पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही. पोरांना तर त्या बादलीजवळ फिरकू देऊ नका.

आता शेगडीबद्दल. आजचं सगळं बोलणं विसरलात तरी चालेल, पण हे विसरू नका.

बाळंतिणीच्या खोलीत दारं-खिडक्या लावून बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची आपल्याकडे रीत आहे. कोळसा किंवा लाकूड जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांत जळजळ नाही. धूर झाला तर आपण उठून दार उघडतो. लालभडक निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून आपण निर्धास्त झोपतो, आणि धोका तिथेच असतो. हा वायू रक्तात प्राणवायूची जागा घेतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, मग गुंगी येते. झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही, ते झोपेतच जातं. निखाऱ्यांवर राख ओढली तरी वायू निघायचा थांबत नाही.

शेक देऊ नका, असं आमचं म्हणणं नाही. दार उघडं ठेवून, कुणीतरी जागं असताना शेक द्या, आणि निजायच्या आधी शेगडी अंगणात नेऊन ठेवा. घरात सांगायची अडचण असते, आम्हाला ठाऊक आहे. सुनेने सांगितलं तर ‘आम्ही नाही का बाळंतपणं काढली’ असं उत्तर मिळतं. त्या बाळंतपणांच्या वेळी घरं कुडाची, कौलाची होती, फटींतून वारा खेळायचा. आता भिंती सिमेंटच्या आणि खिडक्या काचेच्या झाल्या. ‘आत्याबाई, तुमच्या वेळेला घराला फटी होत्या, आता नाहीत,’ असं सांगून पाहा. पटतं. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तोही बाहेरच बसवून घ्या, धोका तोच आहे.

शेगडीच्या खोलीत कुणी गुंगलेलं दिसलं तर आधी दार सताड उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि 108 ला फोन करा. कांदा हुंगवत बसू नका.

मग शेगडीवाचून बाळ गारठणार नाही का? नाही. बाळाला टोपी आणि मोजे घालून, अंगात बाकी काही न घालता आईच्या उघड्या छातीशी उभं धरायचं आणि दोघांवर मिळून गोधडी घ्यायची. आईच्या अंगाची ऊब बाळाला सरळ मिळते. कमी वजनाच्या बाळांना दवाखान्यातही असंच ठेवतात, त्याला कांगारू पद्धत म्हणतात. आई थकली की आजीने किंवा बाळाच्या बापाने धरलं तरी चालतं. कसं बांधायचं ते तुमच्या आशाताईंना विचारा, त्या घरी येऊन दाखवतील.