औषधाला न जुमानणारे जिवाणू

मुलांनो, मोठा आजार झाला की आपल्या चांदूर रेल्वेहून रुग्णाला अमरावतीला किंवा नागपूरला नेतात, हे तुम्ही पाहिले असेल. शस्त्रक्रिया नीट पार पडते. पण कधी कधी चौथ्या-पाचव्या दिवशी रुग्णाला ताप भरतो, जखमेत पू होतो. हा संसर्ग त्याने घरून आणलेला नसतो, तो रुग्णालयातच झालेला असतो. डॉक्टर प्रतिजैविक औषध देतात, ते लागू पडत नाही. दुसरे देतात, तेही लागू पडत नाही. असे का होते?

'शरीराला औषधाची सवय झाली,' असे लोक म्हणतात. ते खरे नाही. बदल शरीरात होत नाही, जिवाणूंत होतो. उर्दूत आपण ज्यांना जरासीम म्हणतो, त्यांतलेच हे जिवाणू.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला ही गोष्ट चटकन कळेल. बीटी कपाशीवर बोंडअळ्या मरत असत. काही थोड्या तगल्या, त्यांचीच प्रजा वाढली आणि २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भात कपाशीची मोठी हानी केली. जिवाणूंचेही तसेच आहे, फक्त वेग फार मोठा. ई. कोलाय हा जिवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. त्या वेळी जनुकांची नक्कल होताना एखादी चूक राहते. तिला उत्परिवर्तन म्हणतात. त्या चुकीमुळे एखादा जिवाणू औषधातून वाचला, तर बाकीचे मेल्यावर सगळी जागा त्याच्याच संततीची.

पण जिवाणूंजवळ आणखी एक युक्ती आहे. ती अळीजवळ नाही. मुख्य गुणसूत्राशिवाय पुष्कळ जिवाणूंत डीएनएची एक लहान गोल कडी असते. तिला प्लास्मिड म्हणतात. दोन जिवाणू एकमेकांना चिकटले की एक जण प्लास्मिडची नक्कल दुसऱ्याला देतो. वर्गात तुम्ही मित्राला वही उतरवून घ्यायला देता ना, तसेच! घेणारा दुसऱ्या जातीचा असला तरी चालते.

२००८ साली नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात क्लेबसिएला जातीचे जिवाणू सापडले. कार्बापेनेम हे राखून ठेवलेले जबर औषधही त्यांच्यावर चालेना. त्यांच्या प्लास्मिडवरील एक जनुक असे विकर तयार करत होते, की ते जस्ताच्या मदतीने औषधाच्या रेणूतील चौकोनी कडीच तोडून टाकी. त्याला एनडीएम-१ असे नाव पडले. त्याच रुग्णाच्या ई. कोलायमध्येही ते जनुक निघाले. पुढे मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात २००९ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये कार्बापेनेमला न जुमानणारे २४ जिवाणू तपासले, तर २२ मध्ये हेच जनुक! आणि ते एका नव्हे, चार वेगवेगळ्या प्रकारच्या जिवाणूंत. वही किती हातांतून फिरली असेल, पाहा.

रुग्णालयात ही देवघेव अधिक होते. तिथे औषधांचा मारा सतत चालू असतो, म्हणून साधे जिवाणू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. रुग्ण अशक्त असतात. सलाइनच्या आणि लघवीच्या नळ्यांतून जिवाणूंना आत शिरायला वाट मिळते. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे ते बहुधा माणसांच्या हातांवरूनच जातात.

साबणापुढे मात्र या जनुकाचे काही चालत नाही. ते औषधाचा रेणू तोडते. पण हातावरचा जिवाणू धुऊन निघायचा तो निघतोच, त्याच्याजवळ प्लास्मिड असो वा नसो. दर रुग्णाला हात लावण्यापूर्वी आणि नंतर परिचारिका हात धुते, ते यासाठीच.