पिकअप वाहनासाठी टिकाऊ टायरची निवड

वाळवंटी टोळांचा थवा सायंकाळी झाडाझुडपांवर उतरतो, रात्र तेथेच काढतो आणि सकाळी उन्हाने अंग तापले की पुन्हा उडतो. वाऱ्याची साथ असल्यास तो एका दिवसात १५० किलोमीटरपर्यंत मजल मारू शकतो. त्यामुळे फवारणीसाठी खऱ्या अर्थाने हाती असतात ते पहाटेपासून ऊन चढेपर्यंतचे मोजके तास. फवारणी यंत्र आणि कीटकनाशकाची पिंपे घेऊन निघालेले पिकअप या वेळेत एखाद्या काट्यामुळे अडले, तर थवा निसटतो आणि पुढच्या तालुक्यातील पिकांवर जाऊन बसतो. राजस्थान, गुजरात आणि हरियाणातील सुमारे २ लाख चौरस किलोमीटर अनुसूचित वाळवंटी क्षेत्रावर लक्ष ठेवण्याचे काम जोधपूर येथे क्षेत्रीय मुख्यालय असलेल्या टोळ इशारा संघटनेकडे आहे, आणि हे काम मुख्यतः चारचाकी वाहनांच्या जोरावरच चालते. कीटकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत टायरला स्थान नसले, तरी क्षेत्रीय कामात ते द्यावे लागते.

मे २०२० मध्ये टोळांचे थवे राजस्थानातून मध्य प्रदेशमार्गे थेट विदर्भात पोहोचले. अशा धाडीचा पाठलाग करणाऱ्या वाहनाला वाळू, मुरूम, तापलेला डांबरी रस्ता आणि काळी जमीन हे सारे एकाच मोहिमेत पार करावे लागते. शेतकरी उत्पादक कंपनीचे पिकअप असो वा कृषी विस्ताराचे सर्वेक्षण वाहन, थोड्याफार फरकाने त्यांची गरजही हीच असते.

बाजारात पिकअपसाठी ढोबळमानाने तीन प्रकारचे टायर मिळतात. हायवे टायरची नक्षी बारीक व सलग असते. मड टायरच्या गुट्ट्या मोठ्या आणि त्यांमधील खाचा रुंद असतात. ऑल-टेरेन टायर या दोहोंच्या मधला. ज्या वाहनाचा बहुतेक प्रवास डांबरी रस्त्यावर होतो आणि उरलेला कच्च्या वाटेने, त्यासाठी ऑल-टेरेन हीच समंजस निवड आहे. मड टायर डांबरी रस्त्यावर लवकर झिजतो, आवाज करतो आणि इंधनही अधिक खातो. केवळ रुबाबासाठी तो बसवणाऱ्यांची संख्या कमी नाही, ही गोष्ट वेगळी. मात्र ऑल-टेरेन हा शब्द म्हणजे टिकाऊपणाची हमी नव्हे. टिकाऊपणा नक्षीवरून ठरत नाही. तो टायरच्या बाजूवर कोरलेल्या अंकांत असतो, आणि खरेदी करताना नेमके तेच वाचले जात नाहीत.

उदाहरणार्थ, ‘२१५/७५ आर १५’ या मापात २१५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ७५ हे बाजूच्या उंचीचे रुंदीशी असलेले शेकडा प्रमाण, आर म्हणजे रेडियल आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. त्यापुढचा अंक हा भारांक असतो. भारांक १०० म्हणजे एका टायरवर कमाल ८०० किलो, १०६ म्हणजे ९५० किलो, १०८ म्हणजे १,००० किलो, तर ११२ म्हणजे १,१२० किलो. समजा, भरलेल्या पिकअपच्या मागील आसावर एकूण १,९०० किलो भार येतो. मग मागच्या प्रत्येक टायरवर ९५० किलो आले. एकाच मापाचा टायर १०० भारांकाचाही मिळतो आणि १०६ भारांकाचाही. पहिला प्रवासी वाहनासाठी असतो, दुसरा मालवाहू. दुकानात दोन्ही शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात आणि पहिला स्वस्त असतो. तो मागील चाकाला बसवला, तर प्रत्येक फेरीत टायरवर १५० किलोंचा जादा भार पडेल. खड्ड्यात आदळताना क्षणिक भार आणखी वाढतो, म्हणून हिशेबाने १०६ पुरेसा ठरत असला तरी मालवाहू वाहनासाठी एकदोन पायऱ्या वरचा भारांक घेणे इष्ट. ‘८ पीआर’ किंवा ‘१० पीआर’ ही खूणही ताकदीचीच निदर्शक आहे. आजच्या टायरमध्ये प्रत्यक्ष तितके थर असतात, असा मात्र तिचा अर्थ नाही.

भारांकात सांगितलेला भार टायर उचलतो तो ठरावीक हवेच्या दाबावरच. दाब कमी असेल तर टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, आत उष्णता साचते आणि रबर व धाग्यांचे थर सुटू लागतात. उन्हाळ्यात महामार्गावर फुटणाऱ्या टायरचा दोष सहसा रस्त्याला दिला जातो; पुष्कळदा कारण कमी हवा आणि जास्त माल हेच असते. दाब सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असतानाच मोजावा.

वाळूत मात्र हाच दाब मुद्दाम उतरवावा लागतो. टायरचा जमिनीला टेकणारा भाग साधारणपणे भार भागिले दाब इतका असतो. ९५० किलो भाराखालील टायरमध्ये ४५ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३.१६ किलो दाब असेल, तर हा भाग जवळपास ३०० चौरस सेंटिमीटर भरतो. दाब २५ पीएसआयवर आणला तर तो ५४० च्या आसपास जातो. टायरच्या स्वतःच्या ताठपणामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा वेगळा येईल, पण तत्त्व तेच: टायर पसरतो आणि वाळूत रुतण्याऐवजी तिच्यावरून चालतो. यासाठी नवा टायर लागत नाही. दाबमापक आणि बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर पुरतो. उतरवलेल्या दाबावर वाहन अगदी संथ चालवावे आणि पक्क्या रस्त्याला लागण्यापूर्वी हवा भरून घ्यावी. ही दुसरी अट पाळता येणार नसेल, तर पहिले पाऊलही टाकू नये.

मापाहून मोठा टायर बसवण्याचा मोह फवारणी करणाऱ्यांनी तरी टाळावा. २१५/७५ आर १५ चा व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर, तर २३५/७५ आर १५ चा ७३४ मिलिमीटर. फरक सव्वाचार टक्क्यांचा. म्हणजे वेगदर्शकाचा काटा तोच राहील, पण वाहन त्या प्रमाणात अधिक वेगाने धावेल. वाहनावरील अतिसूक्ष्म फवारणी यंत्रातून हेक्टरी किती कीटकनाशक पडेल हे वाहनाच्या वेगावर ठरते. वेग वाढला की मात्रा तितकी घटते. टायर बदलल्यावर सपाट जागी १०० मीटर अंतर आखून वेळ मोजावी. ताशी १० किलोमीटर वेगाने ते अंतर ३६ सेकंदांत कापले गेले पाहिजे.

आता काट्यांविषयी. थरपासून दख्खनपर्यंत पसरलेल्या वेड्या बाभळीचा वाळलेला काटा टायरचा मोठा शत्रू आहे. नक्षीच्या भागात रबराखाली पोलादी पट्टे असल्यामुळे तेथे काही प्रमाणात संरक्षण मिळते. टायरच्या बाजूला ते नसते आणि तेथील चीर भरवशाने दुरुस्तही होत नाही. म्हणून काटेरी व खडकाळ भागासाठी बाजूला जादा थर असलेला ऑल-टेरेन टायर मागून घ्यावा. ट्यूबलेस टायरमधून हवा सावकाश जाते आणि छिद्र वाटेतच बुजवता येते. ट्यूबचा टायर असल्यास केवळ ट्यूबला ठिगळ लावून भागत नाही. काट्याचे मोडलेले टोक टायरमध्येच राहते आणि दहा किलोमीटरवर पुन्हा पंक्चर होते. स्टेपनी त्याच मापाची व त्याच भारांकाची हवी, हे सांगायला नकोच.

सर्वेक्षणाच्या वाहनांचा आणखी एक प्रश्न आहे. टोळधाड नसलेल्या वर्षांत ती फार चालत नाहीत. उन्हात उभी असतात. नक्षी शाबूत दिसते, रबर मात्र कडक होऊन त्याला बारीक भेगा पडतात. टायरच्या बाजूवरील चार अंकी संकेतात पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात: ३५२४ म्हणजे २०२४ चा पस्तिसावा आठवडा. नवा म्हणून विकला जाणारा टायर दुकानात किती काळ पडून होता, तेही यावरून कळते. नक्षी कितीही शिल्लक असली तरी १० वर्षांनंतर टायर वापरू नये, अशी अनेक उत्पादकांची शिफारस आहे. नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर असली, तरी चिखलवाटेला जाणाऱ्या टायरला ती पुरत नाही. आयएसआय चिन्ह पाहावेच.

ओल्या काळ्या जमिनीत यांपैकी काहीही फारसे कामाचे नाही. तो चिखल ऑल-टेरेनच्या खाचांत भरला की टायर गुळगुळीत झाल्यासारखाच वागतो. वाहन बांधावर ठेवून पायी जावे, हेच बरे. याला दुसरेही कारण आहे. खाचांत अडकलेल्या मातीबरोबर सूत्रकृमी, गाजर गवताचे बी आणि मर रोगाच्या बुरशीचे बीजाणू एका शेतातून दुसऱ्या शेतात जातात. केळीवरील मर रोगाचा टीआर-४ हा घातक वंश बिहार व उत्तर प्रदेशात आढळला आहे आणि त्याचे बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षे तग धरतात. बाधित भागातून जळगावच्या केळीपट्ट्यात येणाऱ्या वाहनाचे टायर म्हणूनच महत्त्वाचे. शेत सोडण्यापूर्वी खाचांतील माती खरवडून तेथेच टाकावी, मग टायर धुऊन जंतुनाशक वापरावे. माती न काढता वरून शिंपडलेले जंतुनाशक वाया जाते.

उतरवलेले जुने टायर गोठ्यामागे टाकण्याची पद्धत सर्वत्र दिसते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांना त्यांत साचलेले पावसाचे पाणी फार मानवते. त्यांची अंडी कोरड्या टायरला चिकटून महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पाणी मिळताच फुटतात. १९८५ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात स्थिरावलेला आशियाई टायगर डास जुन्या टायरच्या आयातीतूनच तेथे पोहोचल्याचे मानले जाते. मुरघासाच्या किंवा कडब्याच्या प्लास्टिकवर वजन म्हणून टायर ठेवायचे असतील, तर त्यांना चार-पाच ठिकाणी मोठी भोके पाडावीत, म्हणजे पाणी साचणार नाही. उरलेले टायर पावसाळ्यापूर्वी विक्रेत्याकडे किंवा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्यावेत. शेकोटीसाठी ते जाळू नयेत.