वनस्पतिअर्क, व्हायरसरोधी
वनस्पतिअर्क, व्हायरसरोधी : भाजीपाल्याच्या पिकांना व्हायरसजन्य रोगांपासून जपण्यासाठी फवारण्यात येणारे पाने, मुळे वा बिया यांचे जलीय अर्क. व्हायरस आश्रयी वनस्पतीच्या कोशिकेत तिच्याच यंत्रणेच्या साहाय्याने वाढतो. त्यामुळे कवकनाशकासारखे त्याचा थेट नाश करणारे औषध शेतीत उपलब्ध नाही [→ व्हायरस].

महाराष्ट्रात हा प्रश्न जुना आहे. भेंडीच्या केवडा रोगाची नोंद कुलकर्णी यांनी १९२४ मध्ये तत्कालीन मुंबई इलाख्यात केली. आंबेगाव तालुक्याचे ठाणे असलेले घोडेगाव व शेजारचा जुन्नर तालुका हा भाजीपाल्याचा प्रदेश असून नारायणगावची टोमॅटोची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. २०२० च्या उन्हाळी हंगामात जुन्नर, संगमनेर, अकोले या भागांत टोमॅटोची फळे एकसारखी न रंगता त्यांवर पिवळसर पट्टे उमटले. शेतकऱ्यांनी या रोगाला ‘तिरंगा’ म्हटले. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतील तपासणीत काकडी मोझाइक व्हायरस आढळला. माल विकला जाईना आणि झालेला खर्चही अंगावर पडला.

अर्कांचे कार्य दोन प्रकारचे असते व त्यांची गल्लत नेहमी होते. ५% निंबोळी अर्क (५ किग्रॅ. निंबोळ्या कुटून, रात्रभर भिजवून, गाळून १०० लि. द्रावण) पांढरी माशी, मावा या वाहक कीटकांना आवरतो; व्हायरसाला नव्हे. केवड्याचा वाहक पांढरी माशी असल्याने तेथे त्याचा उपयोग होतो. काकडी मोझाइक मात्र मावा काही सेकंदांच्या टोचणीतच पसरवितो. कीटक मरेपर्यंत रोग लागलेला असतो.

दुसऱ्या प्रकारातील अर्क वनस्पतीतच प्रतिकार निर्माण करतात. डगर व आर्मस्ट्राँग यांनी १९२५ मध्ये फायटोलॅका या वनस्पतीचा रस तंबाखूच्या मोझाइकाचे संक्रामण रोखतो, असे दाखविले. लखनौ विद्यापीठात वर्मा व अवस्थी यांनी १९७९ मध्ये पुनर्नवेच्या मुळांतील ग्लायकोप्रथिनाचे गुणधर्म वर्णिले. त्याच्या फवाऱ्याने न फवारलेल्या पानांतही प्रतिकार उत्पन्न होतो. अंगणातल्या गुलबक्षीतील प्रथिन रिबोसोम निष्क्रिय करणाऱ्या गटातील आहे. बोगनवेलीतही अशी द्रव्ये आढळतात.

तमिळनाडू कृषी विद्यापीठाची ज्वारी वा नारळाच्या पानांच्या अर्काची कृती सोपी आहे : वाळलेल्या पानांची १ किग्रॅ. पूड २ लि. पाण्यात ६०° से. तापमानास एक तास तापवून, गाळून, १० लि. करतात. तेथे ती भुईमुगाच्या कळीमर रोगासाठी सुचविली आहे. टोमॅटोवरही त्याच व्हायरसाने रोग होतो.

लागण झालेले झाड कोणत्याही अर्काने बरे होत नाही. ते उपटून नष्ट करावे लागते. प्रतिकार थोडेच दिवस टिकत असल्याने रोपवाटिकेपासूनच, लागणीपूर्वी, फवारे पुन:पुन्हा द्यावे लागतात. घरगुती अर्काची तीव्रता दर वेळी सारखी नसते. प्रयोगशाळेतील यश शेतात तितके न दिसण्याचे ते एक मोठे कारण होय. ‘व्हायरसनाशक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांकडे म्हणूनच सावधपणे पाहिले पाहिजे. कीटकरोधक जाळीखाली वाढविलेली रोपे व बांधावरील आश्रयी तणांचे निर्मूलन यांची जागा अर्क घेऊ शकत नाहीत.